बावीस पायऱ्या आणि एक वास

केमिकलकाका हे नाव त्यांना इमारतीतल्या पोरांनी दिलं तेव्हा ते जेमतेम पस्तिशीचे होते. पण केस तेव्हाच मागे हटले होते, आणि चालण्यात एक सावधपणा होता, हातात कायम काठोकाठ भरलेला चंबू असल्यासारखा. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे पुढे शाळेत भूगोल शिकवणारी त्यांची बायकोसुद्धा फोनवर "केमिकलकाकांच्या घरून बोलतेय" असं सांगू लागली.

काका एका संशोधन संस्थेत सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ होते. सेंद्रिय म्हटलं की लोकांना भाजी आठवते. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "मग तुमच्याकडे टोमॅटो काय भावाने मिळतील?" काकांनी कार्बनचे चार हात असतात इथपासून समजावायला सुरुवात केली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, "म्हणजे टोमॅटो नाहीत."

खरं काम असं होतं. एका झाडाच्या सालीत एक कडू पदार्थ असतो. तो झाडाला न विचारता, साध्या बाटल्यांमधल्या साध्या रसायनांपासून चंबूत बनवायचा. याला बावीस पायऱ्या लागत. एका पायरीवरून दुसरीवर जाताना निम्मा माल सांडतो, त्यामुळे बादलीभर सुरुवात केली की शेवटी टाचणीच्या टोकावर मावेल एवढं काहीतरी उरतं. काकांनी यात बारा वर्षं घातली आणि ते करून दाखवलं. चाळीस पानांचा निबंध छापून आला. घरात त्या दिवशी बाहेरून जेवण मागवलं.

आता विद्वानांच्या दुनियेत निबंध छापून आला म्हणजे झालं असं नसतं. दुसऱ्या कुणीतरी आपल्या निबंधात त्याचा उल्लेख करावा लागतो. त्याला सायटेशन म्हणतात, आणि ज्याची सायटेशन जास्त त्याची खुर्ची उंच. काकांच्या चाळीस पानांना सहा सायटेशन मिळाली. त्यातली चार त्यांची स्वतःचीच होती. पाचवं एका जुन्या विद्यार्थिनीने भिडेखातर दिलं होतं. सहावं मात्र पूर्णपणे परक्या माणसाचं, आणि काकांना त्याचा फार अभिमान होता. मग एकदा त्यांनी तो निबंध मागवून वाचला. त्या माणसाला दुसऱ्याच झाडाची साल म्हणायची होती.

समोरच्या प्रयोगशाळेत बसणाऱ्या प्रोफेसरांना सगळी संस्था 'हजारी' म्हणायची, कारण त्यांची सायटेशन हजाराच्या वर होती. त्यांचे पाच मित्र होते. पाचही जण हजारींचं नाव घ्यायचे, हजारी पाचही जणांचं घ्यायचे. अहो रूपं, अहो ध्वनी. काकांना तसले मित्र नव्हते. त्यांना चौदावी पायरी होती.

चौदावी पायरी हे त्यांचं जुनं दुखणं. तिथे गंधकाचं एक रसायन वापरावं लागे आणि तिथेच सगळ्यात जास्त माल वाया जाई. निबंध छापून झाल्यावरही काका तिच्यामागे हात धुऊन लागले होते. अशाच एका दुपारी त्यांनी चंबू गरम करायला ठेवला आणि तेवढ्यात मीटिंगचं बोलावणं आलं. झेरॉक्स मशीन कुणी बिघडवलं यावर मीटिंग होती. मशीन कुणीच बिघडवलेलं नव्हतं असा निर्णय होईपर्यंत इकडे तापमान चढत गेलं. काका परतले तेव्हा थंड नळीच्या बुडाशी अर्धा चमचा फिकट पिवळं तेल जमलं होतं. असं तेल त्यांनी यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी झाकण उघडलं.

कांदा, जळकं रबर आणि महिनाभर बंद घरातला फ्रीज, हे तिघे भांडत भांडत एकाच दारातून बाहेर पडावेत तसा तो वास होता. काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी झाकण लावलं, नळी मेणाने बंद केली, पंखे पुऱ्या जोरात सुरू केले आणि शांतपणे वहीत नोंद करू लागले. आता नाक हा सोशिक अवयव आहे. थोडा वेळ बोंब मारतं आणि मग हात टेकतं. पाव तासाने काकांना काहीच वास येईना. गेला एकदाचा, असं समजून त्यांनी हात धुतले, कोट अडकवला आणि संध्याकाळची बस पकडली.

बसमध्ये त्यांना चक्क खिडकीची जागा मिळाली. शेजारची बाई लगेच उठून गेली म्हणून पिशवी ठेवायलाही जागा झाली. पुढच्या थांब्यावर बरेच लोक उतरले. काकांना वाटलं, आज तिथे काहीतरी कार्यक्रम असावा. त्यापुढच्या थांब्यावर उरलेले सगळे उतरले, काही जण तर थांबा यायच्या आधीच दारात जाऊन उभे होते. काकांनी पाय पसरले. इतक्या वर्षांत असा निवांत प्रवास झाला नव्हता.

तिसऱ्या थांब्याजवळ ड्रायव्हरने बस नीट कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आपला डबा उचलला आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिला.

काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बस बंद पडली का?"

"बस ठीक आहे," ड्रायव्हर पलीकडून म्हणाला.

"मग?"

"तुम्ही उतरा. मग सांगतो."

काका उतरले. ड्रायव्हर त्यांना लांबून वळसा घालून गाडीत चढला आणि सगळ्या खिडक्या उघडून, काही न सांगता, रिकामी बस घेऊन निघून गेला. लोकांच्या वागण्याला हल्ली ताळतंत्र राहिलेला नाही, असं मनाशी म्हणत काका चालत घरी आले.

काकूंनी दार उघडलं आणि लावलं.

"अहो," त्या आतून म्हणाल्या, "काय मेलंय?"

"कुठे?"

"तुमच्या अंगावर."

काकांनी आपली बाही हुंगली. त्यांना काहीच जाणवलं नाही. तसं त्यांनी सांगितलंही. काकू भूगोलाच्या, त्यामुळे त्यांनी घाबरून न जाता बोट ओलं करून खिडकीबाहेर धरलं. "वारा पश्चिमेचा आहे," त्या म्हणाल्या. "बाल्कनी पूर्वेला. मी दार उघडते, तुम्ही थेट बाल्कनीत जा. आणि कशाला हात लावू नका. सोफ्याला तर मुळीच नाही."

काका पळत पळत बाल्कनीत गेले. त्यांनी तीन वेळा अंघोळ केली, कपडे बादलीत बुडवून ठेवले, तरी उपयोग झाला नाही. वास जसा काही त्यांच्या स्वभावातच गेला होता. मग त्यांची खाट बाल्कनीत लागली. जेवण कोण नेऊन देणार असा प्रश्न आला, तेव्हा सासूबाई उठल्या.

सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या. खूप वर्षांपूर्वी एक सर्दी झाली होती, ती जाताना त्यांचं वास घ्यायचं काम कायमचं सोबत घेऊन गेली. दूध करपलं तरी त्यांना कळत नसे, आणि त्यावरून घरात पुष्कळदा बोलाचाली झालेली होती. जावयाशी त्यांचं फारसं बोलणं नव्हतं. तो घुम्या आहे असं त्यांचं मत, आणि त्या फार बोलतात असं त्याचं. पण आता सगळ्या घरात त्याच्या शेजारी बसू शकेल असं एकच माणूस होतं. त्या ताट घेऊन आल्या, दुसरी खुर्ची ओढली, आणि पत्त्यांचा जोड बाहेर काढला.

"खेळता येतं?" त्यांनी विचारलं.

"थोडंसं."

"मग बसा, जावईबापू. शिकवते."

पहिल्या तीन डावांतच काकांच्या लक्षात आलं की सासूबाई लबाडी करतात, आणि फार सफाईने करतात. चौथ्या डावाला सासूबाईंनी विचारलं, "तुम्ही दिवसभर करता तरी काय तिथे?"

काकांनी साल सांगितली, कडू पदार्थ सांगितला, बावीस पायऱ्या सांगितल्या. सासूबाई मन लावून ऐकत होत्या. मध्येच त्यांनी एक पत्ता मांडीखाली सरकवला.

"बारा वर्षं हे शिजवलंत," त्या म्हणाल्या, "मग लागला कसा?"

"काय?"

"तो पदार्थ. कडू होता ना?"

"आम्ही चाखत नाही. चाखायचं नसतं."

सासूबाईंनी पत्ते खाली ठेवले. "बारा वर्षं स्वयंपाक करायचा आणि चव घ्यायची नाही. मग लोकांना कळणार कसं तुम्ही चांगलं केलंय ते?"

"लोक त्याचा उल्लेख करतात. आपल्या निबंधात नाव घेतात."

"किती जणांनी घेतलं?"

काकांनी पत्ते पिसायला घेतले. "तुमची पाळी," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अग्निशामक दलाची गाडी आली. गल्लीत गॅस गळतोय अशी तक्रार गेली होती. जाड बुटांतली चार माणसं प्रत्येक स्वयंपाकघरात शिरून नळ्या हुंगत, मीटर लावत वर वर येत होती. शेवटी त्यांचा प्रमुख बाल्कनीत पोचला. त्याने मीटर काकांसमोर धरलं, थोपटलं, पुन्हा धरलं.

"मीटर काही दाखवत नाही," तो नाकाला रुमाल लावून म्हणाला.

"मीटरला नाक नसतं," काका म्हणाले. मग त्यांनी सांगून टाकलं, "गॅस नाही. मी आहे."

प्रमुखाने हे कुठल्या रकान्यात लिहायचं याचा बराच विचार केला आणि शेवटी 'इतर' वर खूण केली.

ही बातमी संस्थेत पोचायला वेळ लागला नाही. विभागप्रमुख बाईंनी काकांना फोन करून आठवडाभर येऊ नका म्हणून सांगितलं आणि वर एक काम दिलं. "ते तेल कसं झालं, काय काय घडलं, सगळं दोन पानांत लिहून काढा. सुरक्षेच्या सदरात छापू. उद्या दुसरा कुणी ते झाकण उघडायला नको."

काकांना वाईट लिहिता येत असे, पण खोटं येत नसे. त्यांनी बाल्कनीत बसून सगळं जसंच्या तसं लिहिलं. तापमान लिहिलं, तेलाचा रंग लिहिला, वास इमारतीत कुठवर गेला ते लिहिलं. आणि शास्त्रीय प्रामाणिकपणा म्हणून शेवटी एक वाक्य घातलं: 'लेखक सार्वजनिक बसने घरी जात असता तिसऱ्या थांब्यापर्यंत बस रिकामी झाली, चालकासह. या काळात लेखकास स्वतःस कोणताही वास येत नव्हता.' खाली, असल्या सदरातले दाखले सायटेशनमध्ये मोजत नाहीत हे ठाऊक असूनही, आपल्या चाळीस पानी निबंधाचा दाखला दिला आणि टिपण पाठवून दिलं. वास हळूहळू गेला. काका घरात आले, सोफ्यावर बसायची परवानगी मिळाली, आणि ती गोष्ट ते प्रयत्नपूर्वक विसरले. पत्त्यांचा डाव तेवढा चालू राहिला.

वर्षं गेली. संस्थेत नवे संचालक आले आणि त्यांनी फर्मान काढलं की यापुढे बढती सायटेशन बघूनच. हजारींनी त्या दिवशी नवीन चष्मा घेतला. काका अर्ज करणारच नव्हते, पण काकूंनी अर्ज समोर ठेवला आणि पेनाचं टोपण काढून दिलं. काकांनी आपल्या कामाची माहिती भरली. ते दोन पानी टिपण त्यांनी त्यात घातलं नाही. लाज नावाची गोष्ट असते.

मुलाखतीला तिघांची समिती होती. बोलत होत्या त्या मुख्यतः अध्यक्षबाई, एक वयस्कर, बारीक केस कापलेल्या, स्वतःही रसायनवाल्याच. काकांनी आदल्या रात्री बावीस पायऱ्यांची चित्रं क्रमाने लावून आणली होती. ती उघडायच्या आधीच बाई म्हणाल्या, "तुमची सायटेशन चारशे बारा आहेत."

"सहा," काका म्हणाले.

"चारशे बारा."

"काहीतरी घोटाळा आहे, मॅडम. माझ्या नावाचे एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांची असतील."

बाईंनी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. काकांनी वाचायला सुरुवात केली आणि त्यांचे कान तापत गेले. हॉटेलच्या मुदपाकखान्यात हवा कशी खेळती ठेवावी यावर कुणीतरी लिहिलं होतं आणि त्यात काका होते. फळबागेत हरणं शिरू नयेत म्हणून काय शिंपडावं, त्यात काका होते. माणसाला किळस का येते यावर मानसशास्त्रवाल्यांचे ढीगभर निबंध, आणि एकूणएक निबंधात ती बस. शेजाऱ्याच्या उपद्रवाबद्दल कायदा काय म्हणतो, बस. अचानक संकटात बसचालक निर्णय कसा घेतात, यात तर ते पहिल्याच ओळीत. आणि एका तत्त्वज्ञाने पंचवीस पानं खर्ची घातली होती ती एकाच प्रश्नावर: माणसाला स्वतःचा वास कळू शकतो का.

"हे संशोधन नाही," काका म्हणाले. "हा अपघात आहे. माझं काम वेगळं आहे. मी चित्रं आणली आहेत."

"बघू या की," बाई म्हणाल्या. "मला एवढंच विचारायचं होतं, ड्रायव्हर परत आला का?"

"आला. म्हणजे मी उतरल्यावर. चौदाव्या पायरीला, हे बघा, गंधकाचा अणू इथे बसतो आणि..."

"उतरा म्हणाला?"

"हो. आणि इथे जर तापमान..."

"कुठून म्हणाला? जवळ येऊन?"

"पलीकडच्या फुटपाथवरून," काका म्हणाले, आणि बाकीचे दोघे सदस्य एकदम पुढे वाकून बसले.

मग काय, सांगावंच लागलं. काकांनी आधी तुटक तुटक सांगितलं. पण ही गोष्ट त्यांना आजवर कुणी विचारलीच नव्हती, आणि सांगता सांगता त्यांना स्वतःलाच ती बरी वाटू लागली. काकूंचं ओलं बोट आलं, मीटर आलं, 'इतर' वरची खूण आली. एका सदस्याने चष्मा काढून डोळे पुसले. अध्यक्षबाईंना पाणी प्यावं लागलं. बावीस पायऱ्यांपैकी तीनच दाखवून झाल्या तोवर वेळ संपली. बढती मिळाली.

घरी आले ते तोंड पाडून. काकूंनी पेढा नाही तर निदान साखरेने तरी तोंड गोड करा म्हटलं, तेही नको. सासूबाईंनी पत्ते वाटले.

"काय झालं? नाव घेत नाहीत ना लोक?"

"घेतात. चारशे जण घेतात."

"घेतात की ठेवतात?"

काकांनी विचार केला. "घेतात. पण वासाचं घेतात."

"अहो, घेतात ना मग," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या चुलतसासऱ्यांचं नाव अजून निघतं, ते कशाबद्दल माहीत आहे? लग्नाच्या फोटोत डोळे मिटले म्हणून. दुसरं काही केलंच नव्हतं त्यांनी. टाका पत्ता."

हजारींना ही बढती फार लागली. त्यांनी आठवडाभर काकांशी बोलणं टाकलं. पण पुढच्या महिन्यात त्यांचा अत्तरावरचा नवा निबंध आला, त्यात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात ती बस होती. हजारी वारा बघून सूप धरणारे. मागोमाग त्यांच्या पाचही मित्रांनी आपापल्या निबंधात बस घातली, आणि काकांचा आकडा न मागता आणखी वर गेला. हवा खेळती ठेवणाऱ्या इंजिनियरांनी तर त्यांना भाषणाला बोलावलं. त्यांनी काकांना मोठ्या मानाने व्यासपीठावर बसवलं, मात्र खुर्ची पंख्याच्या उलट बाजूला ठेवली होती. काका तिथे पाऊण तास फक्त सालीवर बोलले. कुणी चुळबुळ केली नाही. भाषण संपल्यावर पहिला प्रश्न आला, "बसच्या खिडक्या सुरुवातीला बंद होत्या का?"

आणि मग एक दिवस दूरच्या कुठल्याशा विद्यापीठातून एका मुलीची ईमेल आली. नुकतीच शिकून बाहेर पडलेली, रसायनवालीच. तिने लिहिलं होतं की कुणाच्या तरी वाढदिवसाला त्यांच्याकडे ते दोन पानी टिपण मोठ्याने वाचण्यात आलं, सगळे हसले, तीही हसली. मग खाली दिलेला दाखला बघितला, आणि आता हसून झालंच आहे तर वाचावं म्हणून तिने चाळीस पानं वाचून काढली. रात्रभर वाचली. अतिशय सुंदर काम आहे, असं तिने लिहिलं होतं. फक्त एक गोष्ट. चौदाव्या पायरीची मुळात गरज नाही. तेरावीवरून सरळ पंधरावीवर जाता येतं. आणि तसं गेलं की मागच्या-पुढच्याही बऱ्याच गाळता येतात. तिने करून पाहिलं होतं. एकूण नऊ होतात.

काका खुर्चीत बसले. मग उठले. मग कागद घेऊन स्वयंपाकाच्या ओट्याशीच उभ्या उभ्या सगळं मांडून पाहू लागले. काकूंनी भाजी चिरायची फळी दोनदा त्यांच्या कोपराखालून काढून घेतली. संध्याकाळपर्यंत त्यांनी तिची चूक शोधली. चूक नव्हती.

"बारा वर्षं," ते बाल्कनीत येऊन सासूबाईंना म्हणाले. "आणि त्या पोरीने बावीसच्या नऊ केल्या."

"पायऱ्या?"

"पायऱ्या."

"मग चांगलंच की," सासूबाई म्हणाल्या. "गुडघ्यांना बरं."

काकांना हसू फुटलं, आणि ते आवरेना. काकू आतून विचारत आल्या की काय झालं, तर त्यांना सांगताही येईना. कुणीतरी वाचलं होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, तळटिपांसकट, अख्खी चाळीस पानं वाचली होती, आणि भांडण्याइतकी मन लावून वाचली होती.

त्यांनी मुलीला उत्तर लिहिलं. पहिला परिच्छेद अभिनंदनाचा होता. पुढची अकरा पानं सातव्या पायरीबद्दल होती, कारण तिथे तिने वापरलेला द्रावक काकांना अजिबात पटला नव्हता. तिचंही उत्तर आलं, अकराला चौदा पानांनी. आता आठवड्यातून दोनदा त्यांचं जुंपतं. काकू म्हणतात, एवढं तर ते लग्नानंतर माझ्याशीही भांडले नाहीत. मुलीचा निबंध छापून यायला अजून अवकाश आहे, पण त्यात सातवं सायटेशन पक्कं आहे, आणि ते योग्य झाडाचं आहे. काकांनी ते आत्ताच वरच्या मजल्यावरच्या बाईंना सांगून टाकलं. बाईंनी मनापासून अभिनंदन केलं आणि विचारलं, आता तरी टोमॅटो लावणार का.